पाच गड्यांचा पट

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी असतात. पांढऱ्याची पहिली खेळी, एवढा फरक सोडला तर खेळ रचणाऱ्याने कोणावर अन्याय केलेला नाही. हरला तो आपल्या बुद्धीने हरला, असे छातीवर हात ठेवून म्हणता येते. इतिहासाच्या पटावर अशी सोय नाही. तेथे एकाला चाळीस मोहरी मिळतात, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला दहा. आणि चौथा एखादे बाहुले मांडीवर घेऊन 'हाच माझा राजा' म्हणत पटाच्या कडेला बसलेला असतो. अशा विषम डावात दुबळ्याने खेळावे कसे, आणि मुख्य म्हणजे बलाढ्याने जिंकावे कसे, हा प्रश्न सतराव्या शतकात आमच्या भीमा-नीरेच्या दुआबात जितका रक्ताने सोडविला गेला तितका क्वचितच कोठे सोडविला गेला असेल.

दोहोंपेक्षा अधिक गड्यांचा युद्धखेळ ही काही नवी कल्पना नव्हे. अकराव्या शतकात आपल्या देशाचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या अल्बेरूनीने चार माणसांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाची हकीकत दिली आहे. १९५९ साली अमेरिकेत अ‍ॅलन कॅलहॅमर नावाच्या गृहस्थांनी 'डिप्लोमसी' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात युरोपातली सात राष्ट्रे सात गडी खेळतात. फासे मुळीच नाहीत. प्रत्येक खेळीआधी गड्यांनी एकमेकांना कोपऱ्यात नेऊन वचने द्यावयाची आणि मग ती पाळावयाची किंवा मोडावयाची. खेळ मोठा चतुर आहे. पण त्यातली सातही राष्ट्रे साधारण एका वजनाची. त्यात दिल्लीचा बादशहा नाही. दक्षिणेच्या पटावर तो होता, आणि तोच खरी अडचण होता.

या विषयाकडे मी वळलो तो विद्वत्तेमुळे नव्हे. मी बारामती-इंदापूर भागातला एक शाळामास्तर. मॅट्रिकनंतरचे माझे शिक्षण जुनी पत्रे, बखरी आणि ऐतिहासिक कादंबरी लिहिताना पडलेल्या अडचणी यांनी केले. आमच्या शाळेतली मुले दिवाळीत किल्ला करतात तसा तुम्हां सर्वांच्या अंगणात होतो. माती, अळीव, गेरू, वर मावळे. एका सुट्टीत त्यांनी हट्ट धरला की नुसता किल्ला नको, सबंध मुलूख करू आणि खरीखुरी मोहीम खेळू. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने मी दक्षिणेचा नकाशा आखून दिला. वर तापी आणि बऱ्हाणपूर, खाली कृष्णा आणि विजापूर, पूर्वेस गोवळकोंडा, पश्चिमेस समुद्र. मधोमध भीमा आणि नीरा, आणि त्या दोघी मिळतात ते नरसिंहपूर. मोहऱ्यांच्या जागी चिंचोके. फाशांच्या जागी कवड्या. डाव सुरू व्हावयाचा तो १६३३ साली.

साल मी मुद्दाम निवडले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकदम धूळ चारली होती. शहाजीराजे त्या लढाईत अंबराच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. पण १६२६ साली अंबर वारला आणि निजामशाहीचा कणा मोडला. १६२९ मध्ये निजामशहाने जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना भर दरबारात देवगिरीवर मारविले. पुढे अंबराच्याच मुलाने, फत्तेखानाने, निजामशहाला मारून त्याच्या लहान मुलाला गादीवर बसविले. १६३३ च्या जूनमध्ये देवगिरी, म्हणजे त्या वेळचे दौलताबाद, महाबतखानाने घेतले आणि तो पोरगा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. राज्य संपले, असे दिल्लीने लिहून ठेवले.

त्या संपलेल्या राज्याची सोंगटी शहाजीराजांनी पुन्हा पटावर मांडली. संगमनेरजवळ पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातला मूर्तजा नावाचा एक मुलगा त्यांनी गादीवर बसविला आणि त्याच्या नावाने कारभार चालविला. पाचवा गडी तो हा. बाकीचे चार म्हणजे मोगल, आदिलशहा, कुतुबशहा आणि समुद्रकाठचे फिरंगी.

आता मोगलांना चिंचोके किती द्यावयाचे? मी चाळीस दिले. आदिलशाहीला पंधरा, कुतुबशाहीला दहा, शहाजीला सहा, फिरंग्यांना तीन. नकाशा पाहून जी मुले 'मी मोगल होणार नाही' म्हणून नाक मुरडीत होती, ती चिंचोक्यांचा ढीग पाहताच एकदम राष्ट्रीय वृत्तीची राहिली नाहीत. असो. त्यांतल्या एका शहाण्याने सुचविले की मोगलांचे पंधरा चिंचोके काढून घ्यावेत म्हणजे डाव बरोबरीचा होईल. बुद्धिबळातही कच्च्या गड्यासाठी वजीर काढून ठेवून खेळतात. मी ते मानले नाही. मोगलांचे बळ कापून जो डाव समतोल होतो तो शहाजीराजांचा डाव नव्हे. बलाढ्याचे बळ आहे तेवढेच ठेवावयाचे आणि त्या बळाच्या पायांत ज्या खऱ्या बेड्या होत्या त्या शोधून काढावयाच्या, एवढेच माझे काम होते.

पहिली बेडी राजाच्या प्रकृतीची. मोगलांकडे गादीचा वारस ठरविण्याची शांत रीत नव्हती. बाप आजारी पडला की चारही मुले आपापल्या फौजा घेऊन उत्तरेकडे धावत. १६५७ साली औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी घेतली होती, विजापूर हाताच्या अंतरावर होते, आणि आदिलशाहीला वाचविले ते तिच्या तोफांनी नव्हे. आधी शहाजहानच्या तह करण्याच्या हुकमाने आणि मग त्याच्या आजारपणाने. म्हणून मी नियम केला की सहाही कवड्या पालथ्या पडल्या की बादशहा आजारी, आणि मोगलांचे निम्मे चिंचोके तापीपलीकडे. दुसरी बेडी सरदारांच्या चुरशीची. बादशहाला शत्रूइतकेच भय आपल्या यशस्वी सेनापतीचे असे. १६३४ मध्ये परांड्याच्या वेढ्यात शहाजादा शुजा, महाबतखान, खानदौरान अशी एकाहून एक मोठी नावे होती, आणि किल्ला हाती न लागता सारे माघारी आले. त्याच वर्षी महाबतखान वारला. एका म्यानात अनेक तलवारी घातल्या म्हणजे त्या आधी म्यान फाडतात.

पण या दोहोंपेक्षा मोठी बेडी पाण्याची, आणि ती आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली झाला, उजनीचे धरण १९८० च्या सुमारास भरू लागले. त्यापूर्वीचा इंदापूर तालुका डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला सह्याद्री पाऊस अडवतो आणि आमच्या वाट्याला उरलेसुरले ढग येतात. अशा मुलखात लाखाची छावणी, हत्ती, उंट, बैल, घोडी घेऊन उतरणे म्हणजे रोज एक नदी पिणे. जो दुबळा तो पाण्याशी सख्य करीत असे. भातवडीला मलिक अंबराने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला. १६३६ मध्ये मोगल फौजा विजापुरावर आल्या तेव्हा आदिलशाही लोकांनी शहापूरच्या तलावाचा बांध फोडून राजधानीचा भोवताल पाण्याखाली घातला. तीस वर्षांनी मिर्झाराजा जयसिंग आला तेव्हा उलटे केले. विजापूरच्या आसपासच्या विहिरी बिघडविल्या, तलाव कोरडे केले, झाडे तोडली. एकदा पाणी जास्त करून आणि एकदा नाहीसे करून एकच शहर दोनदा वाचले. इतिहासाच्या पुस्तकात तलवारींची चित्रे असतात. तेथे एक मोट काढावयास हरकत नव्हती.

हे सारे नियम करून मी समाधानाने ओट्यावर बसलो. तीन दुपारी डाव चालला. शहाजी झाली होती सातवीतली एक मुलगी. सहा चिंचोके घेऊन ती इतकी चपळ खेळली की दोन दुपारी मोगलांना भीमा ओलांडता आली नाही. आज जुन्नर, उद्या नाशिक, परवा कोकणात. आदिलशहाशी तिची दोस्ती होती आणि गरज पडेल तेव्हा तिकडचे चार चिंचोके तिच्या मदतीस येत. तिसऱ्या दुपारी मोगल झालेल्या मुलाने युद्धच बंद केले. हा मुलगा सुट्टीत वडिलांच्या भुसाराच्या दुकानावर बसतो. त्याने आदिलशहाला कडुनिंबाखाली बाजूला घेतले. मी कान देऊन ऐकले.

"निजामशाहीतला अर्धा मुलूख तुझा. पुणं, चाकण, कोकण, सगळं घे. तू फक्त शहाजीला घरात घेऊ नको."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

वीस मिनिटांत डाव आटोपला. आदिलशहाचे चिंचोके मोगलांबरोबर शहाजीच्या अंगावर आले. कुतुबशहाला कोणी विचारलेसुद्धा नव्हते. त्याने घाबरून आपण होऊनच खंडणी देऊ केली. ती मुलगी उठून माझ्याकडे आली. "सर, ही चीटिंग आहे. मी एकपण लढाई हरले नाही."

तिला १६३६ चा तह मी तेथेच वाचून दाखविला. त्या दुकानदाराच्या पोराने तो वाचलेला नव्हता, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. शहाजहान त्या वर्षी स्वतः दक्षिणेत उतरला. खानदौरान, खानजहान आणि खानजमान अशा तिघांच्या फौजा त्याने सोडल्या. त्यांनी आदिलशाही मुलूख जाळला. पण विजापूर पडले नाही. मग मे महिन्यात तह झाला. आदिलशहाने बादशहाची सत्ता मान्य करावी, वीस लाख रुपये द्यावेत, आणि त्याबद्दल संपलेल्या निजामशाहीतला मुलूख घ्यावा. सोलापूर, परांडा, कोकणपट्टी, आणि भीमा व नीरा यांच्यामधला चाकणपर्यंतचा प्रदेश. शिवाय एक कलम असे की शहाजी भोसले याने जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले बादशहास दिल्याखेरीज त्याला चाकरीत ठेवू नये. कुतुबशहाने सालीना दोन लाख होन कबूल केले आणि खुतब्यात शहाजहानचे नाव घातले.

या तहाकडे मी पुन्हा पुन्हा जातो. मोगलांनी यात आपले फार थोडे दिले. दिला तो तिसऱ्याचा मुलूख, आणि घेतला तो चौथ्याचा मित्र. बलाढ्य गड्याचे बळ त्याच्या चाळीस चिंचोक्यांत जेवढे असते त्याहून अधिक कडुनिंबाखालच्या त्या जागेत असते. दुबळे तिघे एकत्र आले तर पारडे झुकते, हे तिघांनाही ठाऊक असते; पण त्यांतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याशी केलेल्या तहापेक्षा सावकाराशी केलेला तह आज रात्री अधिक शांत झोप देतो. आदिलशहाला मूर्ख म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या वेशीपर्यंत आग आली होती. त्याने पन्नास वर्षे विकत घेतली आणि किंमत म्हणून आपला बांध विकला.

शहाजीराजे त्यानंतर माहुलीच्या किल्ल्यात कोंडले गेले. बाहेर खानजमानाची मोगल फौज, आणि तिच्या जोडीला रणदुल्लाखानाची आदिलशाही फौज. कालचा सोबती आज वेढ्यात. चौलच्या फिरंग्यांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. अखेर त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मूर्तजाला मोगलांच्या हवाली करून राजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि पुढे कर्नाटकात. पुणे-सुप्याची जहागीर मात्र त्यांनी राखली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे.

शाळेच्या पुस्तकांत शहाजीराजांना एखादा परिच्छेद मिळतो, आणि त्यातही 'त्यांनी अनेक चाकऱ्या बदलल्या' असे एक वाक्य असते. निजामशाही, १६२५ च्या सुमारास आदिलशाही, पुन्हा निजामशाही, १६३० मध्ये पाच हजारांची मनसब घेऊन मोगल, १६३२ मध्ये पुन्हा बाहेर. वाक्य खोटे नाही. पण पाच गड्यांच्या पटावर सहा चिंचोके घेऊन बसलेल्या माणसाने एकाच जागी बसावे, ही अपेक्षा ज्याने कधी पट पाहिला नाही त्याची. ज्या मुरार जगदेवाच्या हुकमाने १६३० च्या सुमारास पुणे जाळले गेले आणि गाढवांचा नांगर फिरला, तोच मुरारपंत तीन वर्षांत शहाजीराजांच्या बाजूने उभा होता. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याने हत्तीच्या भाराएवढे दान केले, आणि हत्ती नावेत घालून वजन कसे काढावे ही युक्ती शहाजीराजांनी सांगितली, असे तुळापूरच्या नावाची कथा सांगते. घर जाळणाऱ्याशी असे बसता-बोलता येणे ही मानहानी की राजकारण, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी त्यात फार मोठा धीर दिसतो. १६३५ मध्ये विजापूरच्या दरबारातल्या भांडणात मुरारपंत आणि त्याचा धनी खवासखान दोघेही मारले गेले, तेव्हाच खरे तर राजांचा डाव गेला होता. मित्र रणात पडला तर त्याची जागा भरता येते. शत्रूशी तह करू पाहणारा पक्ष मित्राच्या घरात वरचढ झाला, की इलाज उरत नाही.

येथे पटाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पट म्हणजे आम्ही. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापुरास लढताना पडले; त्यांची गढी इंदापुरात दाखवितात. त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षे सुपे, बारामती, इंदापूर ही नावे कागदोपत्री येतात ती बहुतेक एकच क्रियापद घेऊन: घेतले, लुटले, जाळले, दिले. १६३० ते १६३२ या सालांत पाऊस गेला. गुजरात, खानदेश आणि दख्खन येथे जो दुष्काळ पडला तसा पुढे कित्येक पिढ्या कोणी पाहिला नाही. देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली ती याच सुमारास. मी मुलांच्या खेळात दुष्काळाची कवडी ठेवली होती. ती पडली की गाव रिकामे, आणि रिकाम्या गावावरून जाणाऱ्या फौजेचा एक चिंचोका कमी. मुलांना तो नियम फार कंटाळवाणा वाटला. दोन दिवसांनी त्यांनी तो गुपचूप काढून टाकला. बादशहांनीही तसेच केले होते.

वडिलांचा हा डाव मुलाने किती ध्यानात ठेवला होता हे १६६० साली दिसले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, आत शिवाजीमहाराज. त्याच वेळी शाएस्ताखान अहमदनगराहून निघून सोनवडी, सुपे, बारामती या वाटेने नीरेकाठी उतरला आणि शिरवळकडून फिरून मे महिन्यात पुण्यास पोहोचला. आमच्या गावच्या शिवारातून ती फौज गेली. पुन्हा तोच १६३६ चा आकडा: उत्तरेचा बलाढ्य आणि दक्षिणेचा शेजारी, दोघे एकदम. महाराज जुलैमध्ये पन्हाळ्यातून निसटले. ती रात्र, तो पाऊस आणि ती खिंड आपणांस पाठ आहे. त्यानंतर सप्टेंबरमध्ये काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. महाराजांनी पन्हाळा आदिलशहाला देऊन टाकला. ज्या किल्ल्यासाठी इतके रक्त सांडले तो शांतपणे दिला, एक शत्रू पटावरून बाजूला बसविला, आणि मग दुसऱ्याकडे तोंड केले. १६३६ मध्ये मोगलांनी जे केले तेच दुबळ्या बाजूने करून दाखविले. आपले नाटककार पन्हाळ्यावरून सुटण्याचा प्रवेश लिहितात. कादंबरीकार म्हणून मला तो किल्ला सोडून देण्याचा प्रवेश लिहावासा वाटतो, आणि तो अजून साधलेला नाही.

बलाढ्य बाजूचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, असे विचाराल तर मी मिर्झाराजा जयसिंगाचे नाव घेईन. १६६५ मध्ये तो आला तो तलवार उपसण्यापूर्वी पत्रे लिहीत. जंजिऱ्याचा सिद्दी, फिरंगी, जावळीकडची दुखावलेली घराणी, मेलेल्या अफझलखानाचा मुलगा, ज्याचे म्हणून महाराजांशी वैर त्या प्रत्येकाकडे त्याचा माणूस गेला. छावणी त्याने घातली सासवडास. तेथून पुरंदर जवळ हे तर खरेच, पण तेथे बसले की शिवाजी आणि विजापूर यांच्यामध्ये बसता येते, हे अधिक महत्त्वाचे. पुरंदरावर मुरारबाजी पडले. जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. आणि तहातच त्याने पुढची पेरणी केली होती. विजापूरच्या मुलखाचा एक तुकडा महाराजांना तोडून देण्याची बोलणी, म्हणजे दोघे दख्खनी कायमचे एकमेकांच्या गळ्याशी. पुन्हा कडुनिंब. एवढे करूनही पुढच्या हिवाळ्यात तोच जयसिंग विजापूरच्या कोरड्या विहिरींपाशी अडला, कारण या खेपेस कुतुबशहाने आपले सैन्य आदिलशहाच्या मदतीस पाठविले. १६६६ च्या जानेवारीत तो माघारी फिरला आणि पुढल्या वर्षी बऱ्हाणपुरास वारला. दुबळे दोघे एकदाच एकत्र आले, आणि मोगलांचा सर्वांत चतुर माणूस हरला.

१६७७ मध्ये महाराज स्वतः गोवळकोंड्यास गेले, कुतुबशहाशी तह केला, आणि मालोजी घोरपड्यांना एक लांब पत्र लिहिले. त्या पत्राचा गाभा असा की बापांच्या काळची भांडणे आता पुरे, दक्षिणेची पातशाही दख्खनी लोकांच्या हाती राहिली पाहिजे. घोरपडे आणि भोसले यांचे वैर जुने आणि खोल होते. ते पत्र वाचताना मला नेहमी माहुलीच्या वेढ्याची आठवण होते. एक्केचाळीस वर्षांपूर्वी असे पत्र विजापुरास गेले असते आणि तेथे ते वाचणारा कोणी जिवंत असता तर, हा विचार निरर्थक असतो हे कळते, तरी येतो.

महाराज १६८० मध्ये गेले, आणि दुसऱ्याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडले, १६८७ च्या सप्टेंबरात गोवळकोंडा. १६८९ च्या आरंभी बादशहाची छावणी अकलूजास होती, आमच्या इंदापूर तालुक्यातून नीरा ओलांडली की पलीकडे. संभाजीमहाराज पकडले गेल्याची बातमी त्याला त्या सुमारास मिळाली. बहादूरगडावर, म्हणजे भीमेकाठच्या पेडगावास, त्यांना आणले, आणि मार्चमध्ये वढू-तुळापूरच्या परिसरात त्यांची हत्या केली. हत्तीच्या वजनाने नाव मिळालेले ते तुळापूर. पटावरचे चारही गडी आता उठविले गेले होते, निदान दिल्लीच्या दप्तरात तरी.

आणि येथे बलाढ्य गड्याची चमत्कारिक पंचाईत झाली. पन्नास वर्षे मोगलांनी दक्षिणेत जे साधले ते एकाला दुसऱ्यावर घालून. आता ज्याच्यावर घालावयाचा तोही नाही आणि ज्याला घालावयाचा तोही नाही. आदिलशाही असती तर तिच्याकडून संताजी-धनाजींच्या वाटा अडविता आल्या असत्या. विजापूर मोडल्यावर तिचे बेकार झालेले शिपाई मिळेल त्या सरदाराच्या मागे गेले. राजाराममहाराज जिंजीस, रामचंद्रपंत विशाळगडाकडे, सेनापती आज कर्नाटकात तर उद्या खानदेशात. तह करावयाचा म्हटले तर कडुनिंबाखाली बोलवावे कोणाला? एकाने ऐकले तरी दुसरा बांधला जात नव्हता. औरंगजेबासारख्या बुद्धिमान आणि चिवट माणसाला हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. पण सर्व मोहरी मारून झाल्यावर पट गुंडाळून घरी जाण्याची मोकळीक त्याने स्वतःला ठेवली नव्हती.

१६९५ पासून चार वर्षे त्याचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता, नरसिंहपूरच्या संगमाखाली, पंढरपूर ओलांडल्यावर. कापडाचे एक शहरच तेथे वसले होते. पुढे ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा एकेक किल्ला घेत सह्याद्रीत हिंडला. बरेचसे किल्ले लढून नव्हे, पैसे मोजून घेतले, आणि त्याची पाठ फिरली की मराठ्यांनी ते परत घेतले. १७०० च्या ऑक्टोबरमध्ये छावणी सांगोल्याकडे माणगंगेच्या काठी खवासपुरास पडली होती. माणगंगा म्हणजे वर्षातले कित्येक महिने नुसती वाळू. फौजेतल्या हिंदुस्थानी लोकांनी त्या कोरड्या पात्रातच आणि काठाकाठाने तंबू ठोकले. दूर डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गलका ऐकून बादशहाला वाटले मराठे आले. तो घाईने उठला, त्याचा पाय घसरला आणि उजवा गुडघा निखळला. हकीमांना तो नीट बसविता आला नाही. त्यानंतर अहमदनगरला १७०७ साली मरेपर्यंत तो लंगडत चालला.